आप्पांचा पार्किन्सन्स, २०१६ ची पडझड आणि मनातून न जाणारा एक प्रश्न

पंचगंगाकाठ
नमस्कार. हा धागा काढू की नको, या विचारात दोन महिने गेले.

आमचे आप्पा, वय ७४. तरुणपणी कोल्हापुरात गंगावेशीच्या तालमीत मेहनत करायचे, खासबागेच्या कुस्ती मैदानात निकाली कुस्त्या केल्यात. दोन्ही कान मोडलेले, मानेचा पीळ अजून दिसतो. २०२१ मध्ये त्यांना पार्किन्सन्स निघाला. आता उजवा हात थरथरतो, चेहरा बसल्यासारखा झालाय आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात. पुढचा पाय उचलतच नाही. तिथंच उभे राहतात आणि आमच्याकडे बघतात.

आता मूळ गोष्ट. २०१६ च्या पावसाळ्यात मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून कळंब्याकडून घरी आणत होतो. गतिरोधकावरचे पट्टे पुसले होते, मला तो दिसला नाही. गाडी उडाली आणि आप्पा मागच्या मागं डांबरावर पडले. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, त्यांच्या नव्हतं. दोन-तीन मिनिटं त्यांना भान नव्हतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, दोन दिवसांनी घरी सोडलं.

दिवाळीत आत्या बोलून गेली, "दादा गाडीवरनं पडला तवापासनंच बिघडला बघ." ती माझ्याकडे बघून बोलली नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यानंतरही बऱ्याच रात्री लागली नाही.

एकदाच बसलेला डोक्याचा मार पाच वर्षांनी पार्किन्सन्स करू शकतो का? तालमीत इतकी वर्षं आदळआपट झाली, तिचा काही संबंध? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. खरं असेल ते लिहा.

सईची_आई
वाचून गलबललं हो. माझ्या सासूबाईंचं वेगळंच झालं, डोक्याला काहीच लागलं नव्हतं. सविस्तर रात्री लिहिते. तुम्ही एकटे नाही, एवढं आत्ता सांगते.

मज्जारज्जू
दादा, खरं लिहा म्हणालात, म्हणून खरंच लिहितो. मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. आप्पांना तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजून वाचा.

डोक्याच्या माराचा आणि मेंदू झिजण्याच्या आजारांचा संबंध आहे. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांवर लेख लिहिला: पाय ओढत चालणं, हात थरथरणं, हालचाली मंदावणं. ठोसे खाऊन खाऊन ही अवस्था येते, असं त्यांचं म्हणणं होतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कशामुळं होतो याची जी यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचा आयोग काढतो, तिच्यात २०२० पासून डोक्याची इजा आहे.

आता हे होतं कसं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. मेंदूचे राखणदारच म्हणा. एरवी बारीक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत असतात. मार बसला की फांद्या आखडून घेतात, मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. हाच मेंदूतला दाह. पाय मुरगळला की सूज येते आणि आठवड्याभरात उतरते, तसाच हा दाहही बऱ्याच लोकांत उतरतो.

पण काहींच्यात तो उतरत नाही. डोक्याला एकदाच मध्यम किंवा गंभीर मार बसून त्यानंतर वर्षाहून जास्त जगलेल्या लोकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. २०१३ च्या त्या अभ्यासात २८ टक्के मेंदूंत मायक्रोग्लिया अजून भडकलेल्या सापडल्या, काहींच्यात तर माराला १८ वर्षं होऊन गेली होती. याहून मला हलवून गेलेली गोष्ट कॅलिफोर्नियातली. १९८२ मध्ये तिथल्या काही तरुणांनी भेसळीचं अमली द्रव्य टोचून घेतलं आणि काही दिवसांत ते म्हाताऱ्या पार्किन्सन्स रुग्णासारखे गोठले. भेसळीत एमपीटीपी नावाचं विष होतं. त्यांच्यातल्या तिघांचे मेंदू पुढं तपासले, तेव्हा विष शरीरात जाऊन ३ ते १६ वर्षं झाली होती. विष कधीच संपलं होतं, दाह चालूच होता आणि पेशी मरतच होत्या.

आपल्याकडं गुऱ्हाळाचं चुलवाण असतं ना, तसं हे आहे. रात्री वरून विझलेलं दिसतं, सकाळी चार चिपाडं टाकली की भडकतं. एकदा पेटून शांत झालेल्या मायक्रोग्लिया पहिल्यासारख्या होत नाहीत. पुढच्या खेपेला कारण लहान असलं तरी जास्त भडकतात. ते कारण दुसरा मार असेल, न्युमोनिया असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल.

आता दुसरी बाजू, आणि तुमच्यासाठी हीच महत्त्वाची. अमेरिकेत ३,२५,८७० माजी सैनिकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य मार बसलेल्यांत पार्किन्सन्सचा धोका ५६ टक्क्यांनी जास्त निघाला, मध्यम ते गंभीर मारात ८३ टक्क्यांनी. आकडे ऐकायला मोठे वाटतात. पण १२ वर्षांत त्या सव्वातीन लाखांतून पार्किन्सन्स झाला १,४६२ जणांना. दोनशेंत एकालासुद्धा नाही. मार बसलेल्या बहुतेकांना तो होत नाही आणि पार्किन्सन्सच्या बहुतेक रुग्णांना डोक्याला मार बसलेला नसतो.

डेन्मार्कमध्येही असंच मोजलं. तिथं असं दिसलं, की माराचा आणि पार्किन्सन्सचा जो संबंध दिसत होता तो जवळपास सगळा निदानाच्या आधीच्या काही महिन्यांतल्या पडण्यामुळं होता. म्हणजे आजार आत सुरू झालेला, तोल जायला लागलेला, म्हणून माणूस पडला. आपण उलटं समजतो.

म्हणून तीन प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा. २०१६ च्या आधी आप्पांना वास कमी यायला लागला होता का? बद्धकोष्ठता होती का? झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं होतं का?

मंगळवारपेठ_१०
डॉक्टर, लई उपयोगी लिहिलंसा. मी शाळेपासून फुटबॉल खेळलोय, आता पोरांना शिकवतोय. आमच्या पेठंत पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात चेंडू येतो, शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानं निम्मी बंद. त्यामुळं हे वाचून पोटात गोळा आला.

स्कॉटलंडच्या जुन्या खेळाडूंचं मी वाचलंय. ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू, २०१९ चा अभ्यास. मेंदू झिजण्याच्या आजारानं मरायचं प्रमाण साध्या माणसांच्या साडेतीन पट. पुढं जागेनुसार बघितलं तर बचावपटूंना धोका सगळ्यात जास्त, गोलकीपरला साध्या माणसाइतकाच. गोलकीपर सहसा हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू, मारत नाही. मी १२ वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलोय.

एक बघितलेलं सांगतो. मैदानाचं आणि संघाचं नाव घेत नाही. दोन पोरं हेडरला एकदम उडाली, डोक्यावर डोकं. आमच्यातलं पोरगं खाली पडलं, उठलं, आणि उलट्या गोलकडं चालायला लागलं. मी बाहेरनं ओरडतोय, त्याला काढा. पण तोंडावर पाणी मारलं, बर्फ लावला आणि पोरगं परत आत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅच संपल्यावर ते मला विचारतंय, "दादा, किती झालं?" स्कोअर त्याला माहीतच न्हवता. तवा मीबी गप्प बसलो, त्याची चीड अजून जात न्हाई.

अशा वेळी नेमकं काय करायचं ते सांगा, मी कागदावर लिहून ड्रेसिंग रूममध्ये लावतो.

मज्जारज्जू
उलट्या गोलकडं चालणं म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची उघड खूण. बेशुद्ध पडला तरच हादरा, असं अजिबात नाही. गोंधळणं, डोळ्यांपुढं अंधारी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, उलटी, तोल जाणं, एवढंही पुरेसं. नियम एकच: शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. पहिले २४ ते ४८ तास आराम, मग हलकं चालणं, मग पळणं, मग चेंडू, अंगावर येणारा खेळ सगळ्यात शेवटी. मधे कुठंही डोकं दुखलं की एक पायरी मागं. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर लहान मुलांत मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते.

जुलै २०२४ पासून फुटबॉलच्या अधिकृत नियमांत अशा हादऱ्यासाठी जादा बदली खेळाडूची तरतूद आहे. ती स्पर्धेत लागू करायची की नाही, हे आयोजक ठरवतात. अमेरिकेत २०१५ पासून १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद. स्कॉटलंडमध्ये २०२० पासून १२ वर्षांखालच्या मुलांना सरावात बंद. तुम्ही तुमच्या पोरांपुरतं उद्यापासून करू शकता, कुणाची परवानगी लागत नाही.

सईची_आई
काल म्हटल्याप्रमाणे लिहिते.

सासूबाई ७८ वर्षांच्या. महालक्ष्मीच्या देवळात एकट्या जायच्या, किरणोत्सव कधी चुकवला नाही, हिशोब तोंडी. तीन वर्षांमागं मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. डोकं कुठंही आपटलं नाही. ऑपरेशन छान झालं, आणि दुसऱ्या रात्री मला म्हणाल्या, "ही बाई कोण? माझ्या पाटल्या काढून घेतल्या हिनं." पाटल्या मीच ऑपरेशनच्या आधी काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या. सलाईन ओढून काढलं, भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणाल्या. पाच दिवस हेच. आम्हाला सांगितलं, वयामुळं होतं, उतरेल. उतरलं. पण त्या पूर्वीच्या राहिल्या नाहीत. आता चहा झाला की अर्ध्या तासानं पुन्हा चहा मागतात, आणि गेल्या महिन्यापासून माझं नाव विसरतात.

माझा प्रश्न असा, की खुब्याच्या हाडाचा डोक्याशी काय संबंध?

मज्जारज्जू
वहिनी, हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात.

ताप आला की आपल्याला पडून राहावंसं वाटतं, भूक मरते, कुणाशी बोलू नये वाटतं. जंतू छातीत असतात, मग मन का उतरतं? कारण शरीरातल्या दाहाची खबर मेंदूला लगेच पोचते. काही रक्तातल्या सायटोकाइनमधून, काही व्हेगस नावाच्या नसेतून. हाड मोडलं, वर मोठी शस्त्रक्रिया झाली, की तीच खबर जास्त जोरानं जाते. तरुण मेंदू ती झेलतो. वय झालेल्या, आतून थोडी झीज सुरू झालेल्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया आधीच टोकावर असतात, त्या पेटतात. भिंतीवरच्या मुंग्या हा त्याचाच प्रकार. अशा अचानक येणाऱ्या भ्रमाला डिलिरियम म्हणतात.

उंदरांवरचा एक प्रयोग सांगतो. २००७ साली प्रसिद्ध झाला. जिवाणूंच्या आवरणातलं एक द्रव्य पोटात एकदाच टोचलं. टीएनएफ नावाचं दाहाचं रसायन रक्तातून काही तासांत उतरलं, यकृतातून आठवड्यात. मेंदूत ते १० महिने चढलेलंच राहिलं. उंदराच्या आयुष्यात १० महिने म्हणजे किती, विचार करा. पार्किन्सन्समध्ये ज्या पेशी मरतात, त्याच पेशी या उंदरांत पुढं महिनोन्‌महिने मरत गेल्या. माणसांत, २००९ च्या एका इंग्लंडमधल्या अभ्यासात, अल्झायमरच्या ज्या रुग्णांना सहा महिन्यांत जंतुसंसर्ग किंवा इजा झाली, त्यांची स्मरणशक्ती दुपटीनं भरभर घसरली.

डिलिरियम बऱ्याच वेळा टाळता येतो. अमेरिकेत शॅरन इनोये यांनी रुग्णालयातल्या ८५२ वयस्कांवर साधे उपाय करून पाहिले: चष्मा आणि कानातलं यंत्र लगेच परत देणं, पाणी पाजत राहणं, रात्री झोपमोड न करणं, लवकर उठवून चालवणं, आज वार कोणता, आपण कुठं आहोत हे बोलत राहणं. १९९९ चा निष्कर्ष: डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. एकही गोळी नाही.

तुम्ही काही चुकलात असं मनात आणू नका. पुढच्या वेळी घरात कुणाचं ऑपरेशन असेल, तर चष्म्याची डबी पहिल्यांदा पिशवीत घाला.

बावड्याचा_वाटसरू
मग दाह कमी करणारी गोळी रोज घेतली तर? आमच्याकडं गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी आई रोजच घेते. आणि हळदीचं दूध?

मज्जारज्जू
नको. हा विचार शास्त्रज्ञांनीही केला होता. सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसत होता, म्हणून अमेरिकेत २००१ मध्ये नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन मोठी चाचणी सुरू केली. डिसेंबर २००४ मध्ये हृदयाच्या धोक्याच्या शंकेवरून गोळ्या थांबवल्या. अल्झायमर टळला नाही. दाह हा फक्त शत्रू नाही, मेंदूतला कचराही त्याच पेशी उचलतात. टीआरईएम-२ नावाच्या जनुकातल्या एका बिघाडानं मायक्रोग्लियाचं हे साफसफाईचं काम मंदावतं, आणि अशा लोकांत अल्झायमर वाढतो, हे २०१३ मध्ये दिसलं. सरसकट सगळं विझवून चालत नाही.

आईंची रोजची गोळी आधी डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाची तपासणी करा. हळदीचं दूध आवडत असेल तर द्या, पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं, औषध म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

शिवाजीपेठकर
एक गोष्ट इथं लिहिलीच पाहिजे, म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. माझे काका पडले, डोक्याला बारीकसं टेंगूळ, कुणी मनावर घेतलं नाही. पाच-सहा आठवड्यांनी पाय ओढायला लागले, बोलणं तुटक, दिवसभर झोप. घरात सगळे म्हणाले, म्हातारपण आलं, विसरभोळेपणा सुरू झाला. भावजय हट्टाला पेटली म्हणून सीटी काढला. कवटीच्या आत, मेंदूच्या वर जुनं रक्त साठलेलं. कवटीला छोटी भोकं पाडून काढलं. चौथ्या दिवशी काका उठून दाढी करत होते.

म्हणून सांगतो, पडल्यानंतर काही आठवड्यांनी माणूस बदलला तर ते झीज समजून घरी बसू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अजिबातच नको.

मज्जारज्जू
शिवाजीपेठकर, मनापासून आभार. मी आधीच लिहायला हवं होतं. पहिला सीटी नॉर्मल असला तरी हे रक्त नंतर हळूहळू साठू शकतं.

पंचगंगाकाठ
डॉक्टर, तुमचे तीन प्रश्न घेऊन आईजवळ बसलो. तिला काय चाललंय ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं.

बद्धकोष्ठता? आई म्हणाली, इसबगोल आपल्याकडं तुझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. माझं लग्न २०१२ चं.

झोप? आई म्हणाली, "रात्री कुस्ती खेळायचे रे. माझ्या अंगावर डाव टाकायचे. एकदा एवढ्या जोरानं हात आला की माझी बांगडी फुटली. तेव्हापासून मी खाली अंथरूण घालते." ती कधीपासून खाली झोपते, हे मला लक्षात ठेवावं लागत नाही. माझी मुलगी २०१४ ची. ती जन्मली तेव्हा आई आधीपासूनच खाली झोपत होती, बाळंतपणात मला तेच बरं वाटलं होतं.

आणि वास. हे मलाच आठवलं. गाडीवरनं पडायच्या आदल्या वर्षी आकाड्याच्या जेवणाला मटण खाली लागलं होतं, सगळ्या घरात करपलेला वास. आप्पा चुलीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. आई आतून धावत आली आणि ओरडली, "तुम्हाला वास येत नाही का?" आप्पा म्हणाले, "कसला?" आम्ही सगळे हसलो होतो. जो माणूस पांढरा रस्सा नुसत्या वासावरून खसखस कमी आहे म्हणायचा, त्याला करपलेलं कळलं नाही आणि आम्ही हसलो.

मज्जारज्जू
दादा, हे तिन्ही आधीचे आहेत. झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडणं, वास जाणं आणि बद्धकोष्ठता, ही थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीची लक्षणं. आप्पांचा आजार २०१६ च्या आधीच आत चालू झालेला असणं फार संभवनीय वाटतं. गतिरोधकावर तरुण माणूस सीट धरून सावरतो. त्यांना सावरता आलं नाही, यातही तो असू शकेल.

त्या मारानं आजार थोडा लवकर दिसला का? एका माणसाबाबतीत हे कुणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही तो पेटवलेला नाही. तालमीनं त्यांना जे पाय दिले, त्यांचा आज उपयोगच होतोय. यापुढं मात्र पडणं टाळा. घरातले सुटे पायपोस उचला, मोरीत दांडी लावा, ताप आला की अंगावर काढू नका, फ्लू आणि न्युमोनियाच्या लशी द्या.

अनघा_फिजिओ
उंबऱ्याशी पाय चिकटतात म्हणालात, म्हणून मी मधे येते. याला पाय गोठणं म्हणतात. पायात ताकद असते, पण मेंदूला पाऊल आपणहून सुरू करता येत नाही. बाहेरून ताल दिला किंवा जमिनीवर ओलांडायला खूण दिली की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाऊल टाकतो. उंबऱ्याच्या अलीकडं भडक रंगाच्या तीन आडव्या पट्ट्या चिकटवा. आप्पांना "चला, चला" म्हणू नका, हाताला ओढू नका, त्यानं माणूस पडतो. थांबू द्या, श्वास घेऊ द्या, वजन एका पायावर घ्यायला सांगा, मग ताल. मेट्रोनोमचं, म्हणजे एकसारखा ठेका देणारं, ॲप असतं, पण माणसाच्या आवडीचा ताल असेल तर पाय मनापासून साथ देतात. आप्पांच्या कानात कुठला ताल बसलाय?

पंचगंगाकाठ
ताई, काय विचारलंत तुम्ही. हलगी. खासबागेत जोड लागली की वाजायची ती.

लाल पट्ट्या शनिवारी लावल्या. आज सकाळी आप्पा उंबऱ्याशी थांबले तेव्हा मुलीनं स्टीलचं ताट उलटं धरलं आणि चमच्यानं ठेका धरला. तिनं हलगी जोतिबाच्या यात्रेतच ऐकलीय, ठेका थोडा चुकला. आप्पांनी मान वर केली, "तसं न्हवं, धिम्यानं" म्हणाले, आणि मांडीवर थाप मारून तिला दाखवली. तिसऱ्या थापेला उजवा पाय पट्टीवर पडला, मग डावा, आणि ते आत येऊन पाटावर बसले.

आत्याला फोन करायचाय. काय बोलायचं ते अजून ठरलं नाही. आईच्या फुटलेल्या बांगडीची गोष्ट सांगेन बहुतेक.